तारा क्रमांक ४४१७

कऱ्हाळे सरांनी टेबलावर चौदा कागद ओळीने मांडले होते. प्रत्येक कागदावर एकेका ताऱ्याचा आलेख. मे महिन्यातली गुरुवारची दुपार होती. जेवणं उरकून लोक आपापल्या खोल्यांत परतले होते. माझ्या हातात एकच कागद होता, त्यांना दाखवायला आणलेला. मी खुर्ची ओढून बसले, ते उभेच राहिले.

"एकेक सांगा, मॅडम," ते म्हणाले. "सगळं एकदम नको."

मी पहिल्या कागदावर बोट ठेवलं आणि हा गेला असं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी ते सांगितल्यावर त्यांनी तो कागद उचलून पालथा घातला. मग दुसरा, मग तिसरा.

ज्ञानोबा कऱ्हाळे वसमतच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. वय चव्वेचाळीस. कॉलेजकडून पीएचडीसाठी तीन वर्षांची रजा मिळवून ते पुण्याला आमच्या संस्थेत आले होते. आमचे मार्गदर्शक एकच, डॉ. तासगावकर. मी सरांहून सतरा वर्षांनी लहान, पण माझा प्रबंध संपत आलेला, म्हणून ते मला मॅडम म्हणत. नुसतं इरावती म्हणा, असं मी सुरुवातीला दोनदा सांगून पाहिलं. आमच्याकडे तसं तोंडातून निघत नाही, म्हणाले.

त्यांचं काम असं होतं. एका दुर्बिणीने दोन हिवाळे मृग नक्षत्राजवळच्या आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो काढले होते. तिथे धूळ आणि वायू भरपूर, नवे तारे अजून जन्मतायत. त्या फोटोंमधल्या बावीस हजार ताऱ्यांचं तेज दर फोटोत मोजून प्रत्येकाचा आलेख काढलेला होता. कोवळ्या ताऱ्यांचं तेज मुळात अस्थिर असतं, कसंही कमीजास्त होतं. पण त्यांतला एखादा ठरावीक दिवसांनी, ठरावीक वेळच मंदावत असेल, तर तो एक तारा नसून दोन असतात. एकमेकांभोवती फिरताना एक दुसऱ्याला झाकतो, ग्रहण लागतं. अशा जोडीचं वजन करता येतं. कोवळ्या ताऱ्यांचं वजन जगात फार थोड्या ठिकाणी झालं आहे, म्हणून अशी एक जोडी सापडली तरी लोक वर्षभर तिच्यावर काम करतात. सरांना चौदा सापडल्या होत्या.

आम्ही बाकीचे कॉम्प्युटरला निवड करायला सांगत असू. सरांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांनी बावीस हजार आलेख डोळ्यांनी पाहिले, दोन वर्षं. शंभर-शंभर आलेखांचे गठ्ठे, परीक्षेच्या पेपरांसारखे दोऱ्याने बांधलेले, त्यांच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेले असत. बायको वसमतला, हे हॉस्टेलवर. दिवाळीला गावी गेले तेव्हा तिथल्या पेपरात बातमी आली: वसमतच्या प्राध्यापकाने शोधले चौदा तारे. कॉलेजने सत्कार केला. परत आल्यावर ते जरा ओशाळून सांगत होते की मी कुणालाच बोललो नव्हतो, बायकोने भावाला सांगितलं आणि तिथून ते सुटलं.

शोधनिबंध बाहेर पाठवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तपासायचा, असा तासगावकर सरांचा नियम होता. त्यांनी ते काम मला दिलं. मला एक गोष्ट खटकत होती. तो कॅमेरा एका वेळी आकाशाचा मोठा भाग टिपायचा, त्यामुळे फोटो भरड होते. शेजारशेजारच्या ताऱ्यांचा उजेड एकमेकांत मिसळायचा. शेजारचा ठळक तारा मंदावला की जवळच्या फिकट ताऱ्याच्या आलेखातही खड्डा पडायचा, त्याचा स्वतःचा काही दोष नसताना. मी एक प्रोग्रॅम लिहिला. शेजाऱ्याचा काळ, म्हणजे एका ग्रहणापासून पुढच्या ग्रहणापर्यंतचे दिवस, आणि ह्याचा काळ सारखा असेल, किंवा बरोबर दुप्पट वा निम्मा असेल, तर ते ग्रहण शेजाऱ्याचं धरायचं.

त्या गुरुवारी चार वाजेपर्यंत तेरा कागद पालथे झाले. राहिला ४४१७.

"हा नाही," सर म्हणाले.

मी माझ्या कागदावरचे आकडे दाखवले. शेजारच्या ठळक ताऱ्याचा काळ दोन पूर्णांक सहा दिवस. ४४१७चा पाच पूर्णांक दोन. दुप्पट.

"दुप्पट नाही, दुपटीच्या जवळ." ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. "शेजाऱ्याचंच ग्रहण असतं तर दोन्ही कायम बरोबर राहिली असती. पहिल्या हिवाळ्यातलं बघा आणि दुसऱ्यातलं बघा. पन्नास मिनिटं सरकलंय."

मी म्हणाले की इतक्या फिकट ताऱ्यात पन्नास मिनिटांची चूक आपल्या मोजण्यातच असते. आणि इतका जवळ येणारा योगायोग लाखात एखादाच.

"मी बावीस हजार बघितलेत, मॅडम."

मग त्यांनी विचारलं की ह्या भागाचे ह्याहून बारीक फोटो कुठे असतील का, ज्यात हे दोन तारे वेगळे दिसतील. मी म्हणाले, माझ्या माहितीत नाहीत. दुसरी दुर्बीण मागता येईल का, असं त्यांनी विचारलं. मृगाचा भाग आता सूर्याजवळ गेला होता, नोव्हेंबरपर्यंत नीट दिसणार नव्हता, आणि सरांची रजा सप्टेंबरात संपत होती. हे त्यांनाही माहीत होतं. तासगावकर सर आदल्याच आठवड्यात म्हणाले होते की एक जरी खरा ठरला तरी प्रबंध उभा राहील. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सरांनी तो कागद जवळ ओढला.

"तुम्ही नीट बघितलंय ना?" त्यांनी विचारलं.

"बघितलंय."

"मग झालं," असं म्हणून त्यांनी तोही पालथा घातला.

पुढच्या सोमवारी त्यांनी प्रबंध मागे घेत असल्याचं पत्र दिलं. तासगावकर सरांनी नवा विषय सुचवला, रजा वाढवायला पत्र लिहितो म्हणाले. कऱ्हाळे सर नको म्हणाले. मला शिकवता तरी येतं, तेवढं नीट करतो, एवढंच त्यांचं म्हणणं. जाण्याच्या दिवशी ते माझ्या खोलीत आले, घरची हळद म्हणून एक पुडकं माझ्या आईसाठी दिलं आणि आभार मानू लागले. चुकीचं छापून येण्यापासून तुम्ही मला वाचवलंत, म्हणाले. नाव गेलं असतं ते जाऊ द्या, पण मुलांना काय तोंड दाखवलं असतं. मी त्या वेळी माझ्या प्रबंधाची शेवटची प्रकरणं तपासत होते. एकवीस तारखेला माझं जर्मनीचं तिकीट होतं. मी उभी राहिले, नमस्कार केला, आणि ते गेल्यावर परत कामाला बसले.

नऊ वर्षं गेली. मी परत येऊन बंगळूरला नोकरीला लागले होते. एका सकाळी ऑफिसात नवे शोधनिबंध चाळत होते. परदेशातल्या एका गटाने अवकाशातल्या दुर्बिणीच्या फोटोंमधून सहा कोवळ्या जोड्या शोधल्या होत्या. तिसऱ्या जोडीची आकाशातली जागा वाचली आणि मी थांबले. काळ पाच पूर्णांक दोन दिवस. शेजारी एक ठळक तारा असल्याची आणि त्याच्याशी ह्या ग्रहणाचा संबंध नसल्याची टीपही होती. त्यांनी तिला त्यांचा क्रमांक दिला होता. आमच्याकडे तो तारा ४४१७ होता.

मी सरांना सांगितलं होतं की बारीक फोटो माझ्या माहितीत नाहीत. ते खोटं होतं. माझ्या स्वतःच्या प्रबंधासाठी मी त्याच भागाचे सहाशे फोटो एका मोठ्या दुर्बिणीने घेतले होते, वेगळ्याच कामासाठी. त्यांत दोन्ही तारे सुटे दिसत होते. त्या गुरुवारी ते फोटो ज्या डिस्कवर होते ती सरांच्या खुर्चीमागच्या, संस्थेतल्या सगळ्यांच्या कपाटात होती. त्यातून एका ताऱ्याचं तेज काढायला मला पंधरा दिवस लागले असते, आणि माझ्याकडे तीन आठवडे उरले होते. शिवाय मला खात्री होती. शिवाय तेरा कागदांवर वाद घालून मी कंटाळले होते. ही तिन्ही कारणं खरी आहेत. त्यांतलं कुठलं किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी ते जुने फोटो डिस्कवरून बाहेर काढले. आता कॉम्प्युटर वेगवान झाले होते, दोन दुपारी लागल्या. आलेखात ग्रहण असं स्वच्छ उमटलं होतं की एखाद्या शाळकरी मुलालाही दिसलं असतं.

मी त्या गटाला पत्र लिहिलं. त्यांनी सभ्य उत्तर पाठवलं: आधीचं काम कुठे छापलेलं असल्यास कळवावं. ते कुठेच छापलेलं नव्हतं. मग निवृत्त झालेल्या तासगावकर सरांना फोन केला. ते म्हणाले, आता त्याला सांगून काय साधणार आहेस? मला ते तेव्हा कठोर वाटलं. त्या माणसाला त्याचं काय होतं ते कळायला हवं, असं मी त्यांना म्हणाले.

मार्चमध्ये मी नांदेडला उतरून बसने वसमतला गेले. हळद शिजवायचे दिवस होते, रस्ताभर वाफेचा उग्र वास. कळवलं नव्हतं. घर शोधायला त्रास पडला नाही, स्टँडवर नाव घेतल्याबरोबर एकाने सोबत येऊन दार दाखवलं. सर कॉलेजात होते. दार त्यांच्या पत्नीने उघडलं, सुलोचनावहिनींनी. मी नाव सांगितलं तशा त्या दोन पावलं मागे सरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"चूक काढली त्या मॅडम?"

मी हो म्हणाले. त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं आणि समोर बसल्या. त्यांनाच बोलायचं होतं. गावात परत आल्यावर वर्षभर हे घराबाहेर निघत नव्हते, फक्त कॉलेज आणि घर. पोरं पाठीमागे चौदा तारे सर म्हणायची. पेपरवाल्याकडे हे स्वतः गेले, चौदाही तारे चूक आहेत असं छापा म्हणाले, तो हसला. मग एका वर्षी पहिल्याच तासाला ह्यांनी आपणहून वर्गात सगळं सांगितलं. मी चौदा तारे शोधले, एका मॅडमनी तपासले, सगळे चूक निघाले, आणि मी ते कबूल करून घरी आलो. तेव्हापासून दर वर्षी सांगतात. पोरं प्रयोगाच्या वहीत खोटी रीडिंगं लिहीत नाहीत आता, जे आलं ते लिहितात. गावात भावाभावांचं भांडण झालं तरी ह्यांना बोलावतात, की हा माणूस स्वतःविरुद्ध खरं बोललेला आहे.

"ही गोष्ट सांगता सांगताच माणसात आले बघा," वहिनी म्हणाल्या. "तुमचे लई उपकार आहेत."

मी तेव्हाच उठायला हवं होतं. भेटायला आले होते, असं सांगून जेवून परत जाता आलं असतं.

सर बाराला आले. केस पांढरे झाले होते, बाकी तेच. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की चपला काढायचं विसरले. तीनला पहिल्या वर्षाचा तास आहे, तुम्हाला बोलावंच लागेल, मुलांना खरं वाटणार नाही तुम्ही आलात ते. जेवताना त्यांनी मला जर्मनीबद्दल विचारलं, आईबद्दल विचारलं. जेवण झाल्यावर वहिनी आत भांडी आवरू लागल्या आणि आम्ही ओट्यावर येऊन बसलो. मी लॅपटॉप काढला.

आधी त्या गटाचा आलेख दाखवला, मग माझा. सरांनी चष्मा बदलला. स्क्रीन जवळ ओढली.

"हा आपला?"

"तुमचा," मी म्हणाले. "खरा आहे, सर. पहिल्यापासून खरा होता."

त्यांनी बोटाने आलेखाचा खड्डा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजला.

"पन्नास मिनिटं सरकलंय?"

"बावन्न."

तेव्हा ते हसले. इतके मोकळे हसले की मला वाटलं, मी आले ते बरंच केलं. मग त्यांनी माझ्या आलेखाच्या खाली बघितलं. तिथे फोटोंच्या तारखा होत्या.

"हे फोटो तेव्हाचे आहेत."

"हो."

"तेव्हा होते म्हणजे." ते थांबले. "तुम्हाला माहीत नसतील."

तो प्रश्न नव्हता. ते मला वाट करून देत होते, मला स्पष्ट कळलं.

"माहीत होते," मी म्हणाले. "माझेच होते. कपाटात होते."

आत भांडी वाजत होती. सरांनी लॅपटॉपचं झाकण अगदी हळू मिटलं, दुसऱ्याची वस्तू मिटावी तसं. चष्मा काढून खिशात ठेवला.

"पावणेतीन झाले," ते म्हणाले. "चालत गेलं तर दहा मिनिटं लागतात."

रस्त्याने ते भेटणाऱ्यांना नमस्कार करत होते, माझी ओळख मात्र कुणाला करून दिली नाही. वर्गात साठेक मुलं-मुली होती. मागे काही जण उभे होते. सर फळ्यासमोर उभे राहिले.

"मी ज्यांच्याबद्दल तुम्हाला सांगत असतो त्या नाबर मॅडम आज आल्यात," ते म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर ते बोलू लागले, सवयीच्या आवाजात. "मी चौदा तारे शोधले होते. ह्या मॅडमनी ते तपासले. आणि ते सगळे..."

ते थांबले. हातातल्या खडूकडे बघत राहिले. मुलांना वाटलं, सर आपल्याला विचारतायत. त्यांना ते पाठ होतं.

"चूक निघाले," साठ मुलं एका सुरात म्हणाली.

सरांनी मान हलवली नाही, नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. "बोला, मॅडम," एवढं म्हणून ते मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

मी चाळीस मिनिटं बोलले. ताऱ्याचं तेज कसं मोजतात, आलेख कसा काढतात, ग्रहण कसं ओळखतात. शेवटी एका मुलीने विचारलं की सरांना त्यांची चूक सांगताना तुम्हाला भीती नाही वाटली का? मी सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. वाटली, असं मी उत्तर दिलं. मुलीने ते वहीत लिहून घेतलं.

सर मला स्टँडवर सोडायला आले. बसला वेळ होता. मी एका दमात सगळं बोलून टाकलं: आपण दोघं मिळून लिहू, तुमचं नाव आधी, विद्यापीठाला मी सगळं कळवते, माझी चूक माझ्या सहीने लिहून देते, प्रबंध पुन्हा नोंदवता येईल. ते ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले की मी त्रेपन्न वर्षांचा आहे. आणि ते गठ्ठे दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेला पाठकोरे म्हणून देऊन टाकले, मुलं त्यावर कच्ची गणितं करतात.

"तुम्ही मला काहीतरी बोला, सर," मी म्हणाले.

त्यांनी थोडा विचार केला. राग दिसत नव्हता. शंका विचारणाऱ्या मुलाला द्यावं तसं उत्तर दिलं.

"मी चुकलो होतो तेच बरं होतं, मॅडम. त्याचं मला काहीतरी करता आलं. ह्याचं काय करू?"

बस लागली. त्यांनी कंडक्टरला सांगून मला खिडकीजवळची जागा मिळवून दिली आणि बस निघेपर्यंत थांबले.

मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. जुलैमध्ये वहिनींचा फोन आला, नंबर त्यांनी कॉलेजातून मिळवला होता. ह्यांनी पहिल्या वर्षाचा तास ह्या साली घेतलाच नाही, दुसऱ्याला दिला. मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज टाकलाय. भांडण सोडवायला दोघं आले होते, त्यांना दारातूनच परत पाठवलं. दिवसभर ओट्यावर बसून असतात, जेवा म्हटलं तर जेवतात. त्या दिवशी मॅडम काय बोलल्या म्हणून विचारलं तर सांगत नाहीत.

"त्यांची आणखी एखादी चूक निघाली का हो?" वहिनींनी विचारलं.

मी म्हणाले, नाही वहिनी, चूक नाही निघाली.

"मग असं का करू लागलेत?"